शेजारणीने फांदी मागावी असं खोटं झाड

गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकू पन्ह्याचा पेला हातात घेऊन हॉलच्या कोपऱ्यात थबकल्या आणि म्हणाल्या, "रबराचं झाड छान झालंय गं तुझं. पावसाळ्यात एक फांदी दे मला." मी "हो, देईन की" म्हणून मोकळी झाले. ते झाड प्लास्टिकचं आहे हे सांगायला मला दोन दिवस लागले.

आपल्याकडे झाड आवडलं की माणूस नुसतं कौतुक करून थांबत नाही, फांदी मागतो. त्यामुळे खोटं झाड जमलं की नाही, याची माझी कसोटी तेव्हापासून ठरून गेली. पण हे दुसऱ्या खेपेला जमलं. पहिलं झाड मी घाईत आणलं होतं. पाच फुटी, भरगच्च, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हिरवंगार. घरी आणून ठेवलं तर थेट मंगल कार्यालयाच्या स्टेजवरून उचलून आणल्यासारखं. सध्या ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी उभं आहे आणि तिथे बरं दिसतं.

खरं झाडच का नाही, असं कुणी ना कुणी विचारतंच. आमचा हॉल उत्तरेकडे, समोर वीस फुटांवर दुसरी विंग, दुपारी दोनलाही दिवा लावावा लागतो. तिथे मी दोन अरेका पाम आणि एक पीस लिली घालवली आहे. खरी झाडं गॅलरीत आहेत आणि सुखात आहेत. "पण खरं झाड हवा शुद्ध करतं" हे दुसरं ठरलेलं वाक्य. त्याचं मूळ 'नासा'च्या १९८९ च्या एका अभ्यासात आहे. तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधला होता. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला. घरात जी हवा एरवीच आत-बाहेर होते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार कुंड्या लागतील, असं त्यातून निघालं. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा आणि कोपऱ्यासाठी काय हवं ते निवांतपणे ठरवा.

आधी जागा, मग झाड

बहुतेक लोक उलटं करतात. झाड आवडतं, घरी येतं आणि मग त्याला घेऊन घरभर हिंडणं सुरू होतं.

जागा ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: इथे खरं झाड कुणी ठेवलं असतं का? ते जगलं असतं की नाही हा पुढचा भाग, पण ठेवलं तरी असतं का? खिडकीपासून पाच-सहा फुटांत, सोफ्याच्या बाजूला, पुस्तकांच्या कपाटाशेजारी माणसं झाड ठेवतात. कपाटावर छताला टेकेल असं, बिनखिडकीच्या बाथरूममध्ये किंवा एसीच्या झोताखाली कुणी ठेवत नाही. तिथे कितीही भारी नग नेऊन ठेवा, पाहुण्याच्या मनात शंका येतेच आणि मग तो पानाला हात लावून बघतो.

मग अंतर. माणूस झाड किती लांबून बघणार? सहा फूट उंच शेल्फवरून लोंबणाऱ्या वेलीवर फार पैसे घालू नका, तिची पानं कुणी निरखत नाही. टीपॉयवर ठेवायची कुंडी मात्र चहाच्या कपाइतकी जवळ असते. तिथे पैसे सोडा, नाहीतर तिथे खरंच काहीतरी ठेवा.

उंची भिंतीवर चिकटपट्टी लावून ठरवा. झाड सोफ्याशेजारी असेल तर सोफ्याच्या पाठीपेक्षा दीड-दोन फूट वर गेलेलं चांगलं दिसतं, म्हणजे एकूण चार-साडेचार फूट. विकणारे जी उंची सांगतात ती बहुतेकदा कुंडीच्या तळापासून, पानं सरळ वर ताणून मोजलेली असते. फांद्या वाकवल्यावर त्यातली अर्धा-पाऊण फूट सहज कमी होते. शिवाय झाड दुसऱ्या मोठ्या कुंडीत घातलं की तीन-चार इंच वाढतात. दोन्ही धरून हिशेब करा.

देवघर, समई, गॅसची शेगडी आणि दिवाळीत पणत्या मांडतो ती जागा आधीच बाद. ही पानं नुसती वितळत नाहीत, पेटतात.

कोणतं झाड

इथे सगळ्यात जास्त डोकं चालवा. काही झाडं मुळातच प्लास्टिकसारखी दिसतात आणि तीच आपल्या कामाची.

रबराचं झाड माझ्या यादीत पहिलं. जाड, मेणचट, तुकतुकीत पान, त्यामुळे नक्कल सोपी. हे झाड मूळचं ईशान्य भारताकडचं, मेघालयातले जिवंत मुळांचे पूल याच्याच मुळांचे. घेताना शेंड्याकडे बघा. खऱ्या झाडात नवं पान लालसर टोकदार म्यानात गुंडाळलेलं असतं. चांगल्या नकलेत ते म्यान दिलेलं असतं, स्वस्तातल्या नकलेत शेंडा मोठ्या पानांवर एकदम संपतो. काकूंना फसवलं ते त्या लाल टोकानेच.

स्नेक प्लांटही सोपं. त्याला खोड नाही, फांदी नाही, म्हणून जोडही दिसत नाहीत. पानावरचे आडवे पट्टे तेवढे तपासा. खऱ्यात एका पानाचा पट्टा दुसऱ्याशी जुळत नाही. सगळ्या पानांवर एकाच जागी एकच वळण दिसलं तर तो एका साच्याचा माल.

मॉन्स्टेरा जमतं, पण एका अटीवर. खऱ्या झाडाची कोवळी पानं अखंड असतात, चिरा आणि भोकं पुढच्या पानांना पडत जातात. नकलेत सगळीच पानं एकसारखी फाटलेली असली तर ती रांगोळीच्या छापासारखी दिसतात. एखादं अखंड, बदामी आकाराचं, फिकट पान असलेला नग शोधा.

मनी प्लांट आपल्या डोळ्यांना इतका ओळखीचा आहे की तिथे चूक लगेच सापडते. हा वेल वर चढला की पानं मोठी होत जातात आणि खाली लोंबला की लहान. बाजारातल्या लोंबत्या वेलींना मात्र टोकापर्यंत तळहाताएवढी पानं असतात. घ्यायचाच असेल तर टोकाकडची दोन-तीन मोठी पानं काढून टाका, बरंच काम होतं.

झेडझेड प्लांट आणि कोरफडीच्या जातीतली जाड पानांची छोटी झाडं बिनधास्त घ्या.

अवघड कोणती? ज्यांच्या पानातून उजेड आरपार जातो ती. नेचे, हंसराज, शतावरीसारखी बारीक पानांची झाडं. खरं पातळ पान खिडकीच्या उजेडात पोपटी चमकतं, कापड किंवा प्लास्टिक तिथे काळवंडतं. अरेका पामही मी टाळते. आपल्याकडच्या प्रत्येक जिन्यात आणि दवाखान्यात तो उभा असतो, त्याच्या पिवळट दांड्या आणि करपलेली टोकं सगळ्यांना पाठ आहेत.

फुलांची झाडं घेऊच नका, असं माझं मत. ऑर्किडचं फूल खूप टिकतं हे खरं, पण दोन-तीन महिने. बारा महिने फुललेलं ऑर्किड म्हणजे बारा महिने दिलेली कबुली. आणि झेंडूची प्लास्टिकची तोरणं दाराला लावण्यापेक्षा दसऱ्याला खरा झेंडू घ्या. फूलशेतकरी या प्लास्टिकच्या फुलांपायी आधीच हैराण आहेत. बाजारात तुळशीचंही खोटं रोप मिळतं. ते कोण घेतं आणि का, हे मला अजून कळलेलं नाही.

एक दिवस नर्सरीत जाऊन तुमच्या मनातलं झाड दहा मिनिटं नुसतं बघा. पान खोडाला कुठे चिकटतं, खालची पानं कशी झुकतात, नवं पान कुठल्या रंगाचं असतं. ही दहा मिनिटं दुकानात कामाला येतात.

कशाचं बनवलेलं

'सिल्क'ची झाडं म्हणून विकतात त्यात आता रेशीम नसतं, पॉलिएस्टरचं कापड असतं. ते हलकं, स्वस्त, छपाईला चांगलं, पण कडांचे धागे सुटतात. साच्यातून काढलेलं पॉलिथिलीनचं पान जाड असतं, त्याच्या शिरा हाताला लागतात आणि ते धुता येतं. रबर, झेडझेड, स्नेक प्लांटसाठी हेच. पीव्हीसीची पानं चकाकतात आणि नवी असताना वास मारतात. 'रिअल टच' म्हणून जे मिळतं त्यात पानावर किंवा पाकळीवर मऊ, किंचित दमट वाटणारा थर असतो. हाताला तो खरोखर फसवतो, पण त्यावर धूळही चटकन बसते.

खोडाकडे दुर्लक्ष होतं. काही झाडांना खऱ्या लाकडाचं खोड असतं आणि त्यात फांद्या खोवलेल्या असतात. थोडे पैसे जास्त पडतात, पण तीन फुटांपेक्षा मोठ्या झाडाला ते वसूल होतात. प्लास्टिकचं खोड असेल तर दोन अर्धे जोडल्याची उभी रेघ शोधा. ती भिंतीकडे वळवता येत असेल तर चालेल.

दुकानात

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, इथे एका फेरीत बरंच बघून होतं. गणपतीच्या आधीचा महिना टाळा. तेव्हा दुकानं माळा-तोरणांनी भरलेली असतात आणि खोक्यातून झाड काढून दाखवायला कुणाला फुरसत नसते.

खिशात एक खरं पान न्या. सोसायटीच्या बागेतलं चालेल. खोट्या पानाशेजारी खरं पान धरलं की विक्रेत्याचं बोलणं आपोआप कमी होतं.

मग झाड उचलून दुकानाच्या दारात न्या. साडी घेताना आपण जसं पायरीवर जाऊन उजेडात रंग बघतो, अगदी तसं. पानातली हरितद्रव्यं आणि कारखान्यातला रंग ट्यूबलाइटखाली सारखे दिसले तरी दिवसाच्या उजेडात वेगळे पडतात. खोटा हिरवा बहुतेक वेळा निळसर होतो. माझं पहिलं झाड इथेच नापास झालं असतं, पण मी ते पायरीवर नेलंच नव्हतं.

आता पान उलटं करा. रबराचं खरं पान पाठीमागून फिकट असतं आणि मधली शीर उठलेली असते. दोन्ही बाजू सारख्याच गडद असतील तर काय समजायचं ते समजा. कापडी पान असेल तर कड नखाने हलकेच खरवडा, धागा सुटला तर ठेवून द्या. त्यानंतर माझी आवडती तपासणी: पान तिरकं धरून शिरा बघा. पानावर शिरा दोनदा येतात, एकदा छापलेल्या आणि एकदा दाबून उठवलेल्या. निष्काळजी मालात हे दोन्ही जुळत नाहीत. छापलेली शीर एकीकडे आणि उठाव दोन मिलिमीटर पलीकडे, जुन्या कॅलेंडरवरच्या चित्रातल्या ओठांची लाली बाहेर गेलेली असायची तसं. एकदा हे दिसलं की पुढे प्रत्येक दुकानात तेच दिसतं.

पानांचे आकार मोजा. निदान तीन-चार वेगवेगळे हवेत, खाली मोठी आणि वर लहान, कोवळी आणि जून अशा दोन तरी छटा. पान दांड्याला जिथे खोचलंय तिथली प्लास्टिकची टोपी किती उठून दिसते आणि गरम गोंदाचे थेंब-तंतू किती आहेत, तेही बघून घ्या. फांदी वाकवा. ती वाकवलेली तशीच राहिली पाहिजे. परत उडी मारून जागेवर आली तर आतली तार बारीक आहे.

ऑनलाइन घेत असाल तर कंपनीचे फोटो सोडून द्या आणि ग्राहकांनी टाकलेले, ट्यूबलाइटखालचे, मागे वाळत घातलेले कपडे दिसणारे फोटो बघा. परत करण्याची सोय नसेल तर दोन फुटांपेक्षा मोठं झाड मागवू नका.

कुंडी आणि माती

झाड पानावर जितकं ओळखलं जातं त्याहून जास्त बुडाशी. सोबत येते ती पाच-सहा इंची काळी कुंडी, आत सिमेंट, वर चिकटवलेलं हिरवं प्लास्टिकचं गवत. चार फुटी झाड त्या कुंडीत म्हणजे मोठ्या माणसाच्या पायात लहान मुलाची चप्पल. खरं झाड इतक्या लहान कुंडीत उभंच राहिलं नसतं.

म्हणून तुमच्या बजेटचा तिसरा हिस्सा कुंडी आणि मातीसाठी बाजूला काढा. चार फुटांच्या झाडाला तोंडाशी बारा-चौदा इंचांची कुंडी हवी. मातीची कुंडी कुंभारवाड्यात स्वस्त पडते, पुण्यात कसब्यात किंवा मुंबईत धारावीत. पण त्याहून चांगली गोष्ट घरात असते: गॅलरीतली जुनी कुंडी. पाण्यातले क्षार झिरपून तिच्या बाहेरच्या बाजूला पांढरट खपली आलेली असते, कुठे शेवाळाचा हिरवा डाग वाळलेला असतो. वर्षानुवर्षं पाणी घातल्याचा तो पुरावा आहे. ती खपली घासून काढू नका. नवीन, रंगवलेल्या कुंडीत माझं रबराचं झाड शोभेचं वाटायचं. जुनीत उतरवलं त्या दिवसापासून ते झाड झालं.

आत काळी कुंडी तशीच ठेवायची. तळाला विटांचे तुकडे, बाजूने चुरगाळलेली वर्तमानपत्रं ठासून भरायची म्हणजे झाड हलत नाही. लहान मूल किंवा मांजर असेल तर विटा दोन जास्त घाला. वरचे दीड-दोन इंच खरी माती. ही माती आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि चिलटं होतात. नुसतं कोकोपीट घालू नका, पंख्याने उडून घरभर होतं. मातीवर थोडी बारीक खडी किंवा जांभ्याचे तुकडे छान दिसतात. पांढरेशुभ्र चकचकीत गोटे मात्र नकोत, ते ओरडून सांगतात की इथे पाणी घालत नाहीत. माती कुंडीच्या काठापर्यंत भरू नका, वर इंचभर जागा सोडा, खऱ्या कुंडीत पाण्यासाठी सोडतो तशी. खाली ताटली ठेवा.

मी मातीत एक काडी रोवून झाडाला सुतळीने सैल बांधलं आहे. नवऱ्याला तो कळस वाटतो.

वाकवणं

खोक्यातून आलेलं झाड मिटलेल्या छत्रीसारखं असतं. बहुतेक लोक फांद्या जरा फाकवतात आणि थांबतात. इथे तास-दीड तास द्या.

प्लास्टिकच्या पानांना घड्या पडल्या असतील तर हेअर ड्रायर मध्यम गरम करून सहा-सात इंचांवरून फिरवा, पान मऊ झालं की बोटांनी सरळ करून थंड होईपर्यंत धरा. कापडी पानांना वाफेच्या इस्त्रीची वाफ लांबून द्या, इस्त्री टेकवू नका. साच्याच्या कडेला राहिलेली पातळ प्लास्टिकची झालर नखं कापायच्या कात्रीने काढा.

मग खालून वर जायचं. सगळ्यात खालच्या फांद्या आडव्या, किंचित झुकलेल्या. मधल्या तिरक्या. वरच्या उभ्या. प्रत्येक फांदीला एकच बाक देऊ नका, बुंध्याशी एक आणि टोकाकडे दुसरा, उलट दिशेचा. झाड कुठूनही बघितलं तर दोन पानं अगदी एका पातळीत दिसता कामा नयेत.

त्यानंतर खिडकी कुठे आहे ते बघा आणि पानांचे चेहरे तिकडे वळवा. घरातलं खरं झाड उजेडाकडे झुकतं, त्याची भिंतीकडची बाजू विरळ राहते. खोटं झाड चहूबाजूंनी सारखं भरलेलं असतं, म्हणून तर ते खोटं दिसतं. भिंतीकडची चार-पाच पानं सरळ काढून टाका. पैसे देऊन घेतलेली पानं उपटताना जिवावर येतं, पण काढा.

थोडं नासवायलाही हवं. हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेची फुलं आहेत. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी ड्रेस्डेनजवळ १८८७ ते १९३६ या काळात केलेले चार हजारांहून जास्त नमुने. नकलेच्या कामात त्यांच्या पुढे कुणी गेलं असेल असं वाटत नाही, आणि त्याच रुडॉल्फने उतारवयात डाग पडलेली, कुजलेली फळंही काचेत घडवली. आपल्याला एवढं नको. सगळ्यात खालच्या एका पानाच्या टोकाला तपकिरी ॲक्रेलिक रंगाचा पातळ हात, एखाद्या पानाची कड कात्रीने जराशी कुरतडलेली, बास. पान फारच चकाकत असेल तर मॅट वॉर्निशचा फवारा मिळतो. आधी मागच्या पानावर करून बघा.

जवळ एक खरी कुंडी ठेवता आली तर बघा. माझ्याकडे रबराच्या पुढ्यात बाटलीत मनी प्लांटची खरी फांदी आहे. दर दोन आठवड्यांनी ती गॅलरीतल्या दुसऱ्या बाटलीशी बदलते. तिची मुळं पाण्यात दिसतात आणि बघणारा मागच्या झाडाबद्दल शंकाच घेत नाही.

नंतरची निगा

पाणी नको म्हणजे निगा नको, असं नाही. धुळीने भरलेलं पान हा सगळ्यात मोठा चुगलखोर. आठवड्याला मऊ ब्रश किंवा जुन्या सुती ओढणीने झटका. महिन्या-दोन महिन्यांनी प्लास्टिकचं झाड काळ्या कुंडीसकट बाथरूममध्ये न्या, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून पुसा आणि हलक्या शॉवरखाली धरा. कापडी झाड भिजवायचं नाही. ओलसर कापडाने एक मागचं पान पुसून बघा, रंग सुटला नाही तरच पुढे जा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावणारे लोक मला माहीत आहेत. चौथ्या दिवशी त्या पानांवर धुळीचा गिलावा बसतो. स्वयंपाकघरात तर झाड ठेवूच नका, फोडणीचा चिकटा एकदा बसला की निघत नाही.

धुतल्यावर सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा. आतल्या तारेची कापलेली टोकं उघडी असतात. तिथून पाणी शिरलं की गंज येतो आणि तो पानावर तपकिरी ओघळतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर होतं, म्हणून जूनच्या आधी त्या टोकांवर गोंदाचा एकेक थेंब सोडून ठेवा.

उन्हाचा पट्टा रोज झाडावर येत असेल तर दोन-एक वर्षांत ती बाजू फिकी पडते. गॅलरीत ठेवायचं असेल तर अतिनील किरणांना टिकणारं म्हणून वेगळं मिळतं तेच घ्या. नुसता फवारा मारलेला की प्लास्टिकमध्येच मिसळलेलं, हे विचारा, दुसरं जास्त टिकतं. फिकं पडलेलं झाड भंगारवालाही घ्यायला नाखूश असतो, कारण तार, कापड, प्लास्टिक आणि सिमेंट वेगळं करत कोण बसणार. म्हणून घरात एक, फार तर दोन.

आणि वर्षातून दोनदा त्याला जरा बदला. खरं झाड वाढतं, पानं गाळतं, तर आपलं तीन वर्षं त्याच पोझमध्ये उभं. मी दिवाळीच्या साफसफाईत खालचं एक पान काढते आणि शेंडा थोडा दुसरीकडे वळवते. काकूंना सगळं ठाऊक असूनही यंदा त्या म्हणाल्या, "वाढलंय की गं."